अल्बिनी आरसा नव्हता

ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी ७ मे २०२४ रोजी शिकागोत हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय अवघं ६१. त्याच्यावर जे मृत्युलेख आले, त्यांतला एक सूर सगळीकडे सारखाच होता. या माणसाने म्हणे रेकॉर्डवर स्वतःचा ठसा कधी उमटू दिला नाही, बँड जसा वाजला तसा टेपवर उतरवला आणि बाजूला झाला. कुणी त्याला दस्तऐवजकार म्हटलं, कुणी आरसा. निर्वाणा, पिक्सीज, पीजे हार्वे, ब्रीडर्स, जीझस लिझर्ड अशी नावं घ्यायची आणि पुढे म्हणायचं की यांच्या रेकॉर्डमध्ये अल्बिनी कुठेच नाही, हेच त्याचं मोठेपण. रॉक संगीतातली माणसं सहसा कशावर एकमत होत नाहीत. त्यामुळे एवढी एकवाक्यता दिसली की मला जरा संशय येतो.

हे मत मला मान्य नाही. त्याने अल्बिनीचा वरवर गौरव होतो, पण त्याने जे खरोखर सोडलं त्याची किंमत शून्यावर येते. ध्वनिमुद्रणात ज्याचा काहीच वाटा नव्हता त्याने वाटा मागितला नाही, यात कौतुक कसलं? हा तर साधा हिशेब झाला.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीने मांडतो.

रॉकमधला प्रोड्यूसर सिनेमाच्या निर्मात्यासारखा पैसे घालणारा गृहस्थ नसतो. त्याची जागा साधारण दिग्दर्शकाची. कोणती गाणी घ्यायची, कोणतं कडवं कापायचं, गिटारचे किती थर चढवायचे, कुठला टेक ठेवायचा, यावर शेवटचा शब्द बऱ्याचदा त्याचा. प्रोड्यूसर फिल स्पेक्टरच्या हाती बीटल्सच्या 'लेट इट बी'च्या टेप आल्या तेव्हा त्याने मॅकार्टनीच्या एका गाण्यावर, मॅकार्टनीला न विचारता, व्हायोलिनांचा ताफा आणि बायकांचा कोरस चढवला. १९७० साली रेकॉर्ड तशीच बाजारात आली. हा अधिकार गाजवणाऱ्याला फीच्या वर विक्रीतला टक्काही मिळू लागला. धंद्याच्या भाषेत त्याला 'पॉइंट' म्हणतात. रेकॉर्ड विकली जाईल तोवर, म्हणजे कधीकधी जन्मभर, गायक-वादकांच्या मिळकतीतून हा पॉइंट कापला जातो.

अल्बिनीने या दोन्ही गोष्टी नाकारल्या. कॅलिफोर्नियात जन्म, माँटानातल्या मिझुला गावात बालपण, पुढे शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण. तिथे असतानाच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बिग ब्लॅक हा बँड काढला. ड्रमरची जागा रोलंड कंपनीच्या एका छोट्या ड्रम मशीनने घेतली आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचं नाव बँडच्या सदस्यासारखं 'रोलंड' असं छापलं गेलं. ध्वनिमुद्रण तो स्वतःच्या आणि मित्रांच्या बँडसाठी करत करत शिकला. पुढे दुसऱ्यांच्या रेकॉर्ड करू लागल्यावर 'प्रोड्यूसर' म्हणून नाव छापू नका असा आग्रह धरला. ध्वनिमुद्रण केलं एवढंच लिहा, किंवा काहीच लिहू नका. पिक्सीजच्या 'सर्फर रोझा'साठी त्याने एकरकमी १,५०० डॉलर घेतले आणि रॉयल्टी घेतली नाही. ती रेकॉर्ड मार्च १९८८मध्ये आली आणि आजही विकली जाते.

'नेव्हरमाइंड'च्या अफाट खपानंतर निर्वाणाने पुढच्या अल्बमसाठी त्याला विचारलं, तेव्हा त्याने बँडला चार पानी पत्र लिहिलं. आज ते पत्र त्याला आरसा मानणाऱ्या पंथाचा धर्मग्रंथ झालं आहे. त्यात तो म्हणतो की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम केलं की कामाची किंमत. रेकॉर्ड कंपनीची अपेक्षा असेल की मी एक-दीड टक्का मागेन. तीस लाख प्रती खपल्या तर ती रक्कम चार लाख डॉलरच्या आसपास जाईल, आणि एवढे पैसे घेऊन मला झोप लागणार नाही. त्याने ठोक एक लाख डॉलर घेतले. १९९३मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात त्याचा संगीतधंद्यावरचा लेख आला. मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या एका काल्पनिक बँडचा जमाखर्च त्याने तिथे ओळीओळीने मांडला आहे. अडीच लाख प्रती विकल्यावर कंपनीला ७ लाख १० हजार डॉलर, प्रोड्यूसरला ९० हजार, आणि बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर २५ सेंट. कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर बसून यांनी याच्या तिप्पट कमावले असते, असा शेराही वर मारला आहे. (हे पंचवीस सेंट मला फार आवडतात. हिशेब काल्पनिक असला तरी चिल्लर सोडायची नाही, ही पत्रकाराची खोड.)

एवढा पुरावा. प्रोड्यूसरपण नाकारलं, टक्का नाकारला, नाव नाकारलं. मग तो नोंद करणारा होता असं म्हणण्यात चूक काय?

पहिली अडचण प्रमाणाची आहे. 'मी काही करत नाही, बँड करतो' ही साक्ष मुळात अल्बिनीचीच. मृत्युलेखांनी तीच फिरवून फिरवून सांगितली. पण त्याची ही विधानं एका भांडणात केलेली आहेत, समोर रेकॉर्ड कंपन्या आणि त्यांचे लाडके प्रोड्यूसर आहेत. ते म्हणत होते, आमच्याशिवाय रेकॉर्ड होत नाही. त्यावर हा म्हणाला, तुमची गरजच नाही. भांडणात माणूस टोकाचं बोलतो, आणि अल्बिनीची जीभ तर नेहमीच टोकाला असायची. अशा वाक्याचं वजन प्रतिपक्षाला गप्प करण्यापुरतं असतं. स्टुडिओत नेमकं काय घडत होतं त्याचं वर्णन म्हणून ते वाचायचं असेल, तर ते रेकॉर्डशी ताडून पाहायला हवं. शब्दप्रमाण आणि प्रत्यक्ष यांच्यात विरोध आला तर मी कानाला मानतो.

'सर्फर रोझा'च घ्या. डिसेंबर १९८७, बॉस्टनमधला क्यू डिव्हिजन स्टुडिओ, साधारण दहा दिवसांचं काम. तिथली आवाज दाबणारी खोली अल्बिनीला पसंत नव्हती. म्हणून पिक्सीजमधल्या किम डीलचा आवाज स्टुडिओच्या बाथरूममध्ये मुद्रित केला गेला, कारण तिथल्या टाइल्सवरून खरा घुमारा मिळत होता. एका गाण्यात मुख्य गायक ब्लॅक फ्रान्सिसचा आवाज गिटारच्या अँप्लिफायरमधून काढून फाडून टाकला आहे. गाण्यांच्या मधल्या स्टुडिओतल्या गप्पा तशाच ठेवायच्या, ही कल्पनाही अल्बिनीचीच. पुढे तो स्वतःच म्हणाला की हे काम आठवड्यात संपलं असतं, उरलेला वेळ घालवायला प्रयोग करत बसलो. आरसा वेळ घालवायला प्रयोग करत नाही. पिक्सीजची पहिली ओळख जगाला ज्या आवाजाने झाली, म्हणजे कोरडी धारदार गिटार, छातीवर आदळणारे ड्रम आणि लांबून कुठूनतरी येणारा बाईचा आवाज, तो आवाज घडवण्यात या माणसाचा हात किती खोलवर होता हे वेगळं सांगायला नको.

ड्रमविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण अल्बिनीची ओळख तीच. त्याने मुद्रित केलेला ड्रमसेट ऐकला की वाटतं आपण त्या खोलीत उभे आहोत. भक्त म्हणतात, खोली जशी होती तशी त्याने टेपवर घेतली. आता पद्धत पाहा. प्रत्येक ड्रमजवळ मायक्रोफोन असायचेच, शिवाय खोलीचा घुमारा पकडायला लांब, बऱ्याचदा जमिनीलगत, वेगळे मायक्रोफोन ठेवले जात. या लांबच्या मायक्रोफोनांचा आवाज तो काही मिलिसेकंद, साधारण दहा-वीस, मागे सरकवायचा. हे त्याने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे, लपवाछपवी काही नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीस मिलिसेकंदांचा उशीर हा जवळजवळ सात मीटर अंतराइतका झाला. ऐकणाऱ्याला भिंत आहे त्यापेक्षा बरीच लांब वाटते. प्रहार स्पष्ट ऐकू येतो आणि घुमारा त्याच्या मागून, जरा थांबून येतो, म्हणून दोन्ही एकमेकांत कालवले जात नाहीत. सुंदर युक्ती आहे. पण ती युक्ती आहे. रेकॉर्डवर आपण जी खोली ऐकतो ती जगात कुठेच नव्हती. ज्याला लोक दस्तऐवज म्हणतात ती रचना आहे, आणि रचणाऱ्याच्या कानात ती आधीपासून होती.

निर्वाणाच्या त्या पुढच्या अल्बमच्या, म्हणजे 'इन युटेरो'च्या वेळी मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत डेव्ह ग्रोलच्या ड्रमसेटभोवती सुमारे तीस मायक्रोफोन लावले होते. वेगवान गाण्यांसाठी तर ड्रमसेट उचलून शेजारच्या स्वयंपाकघरात नेला, कारण तिथला घुमारा त्या गाण्यांना शोभणारा होता. कुठल्या गाण्याला कुठली खोली हे ठरवणं म्हणजे नोंद घेणं नव्हे. ते वाद्यमेळ बांधण्याच्या जातीचं काम आहे.

मग विटा. १९९७ साली अल्बिनीने शिकागोच्या बेल्मॉन्ट ॲव्हेन्यूवर इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला. भिंतींसाठी त्याने मातीच्या, उन्हात वाळवलेल्या ॲडोबी विटा मुद्दाम न्यू मेक्सिकोहून आणवल्या, कारण त्या विटांची भिंत आवाजाला जसं वागवते तसं त्याला हवं होतं. काही खोल्या आवाज गिळणाऱ्या केल्या, काही खेळवणाऱ्या. आपला म्हणून काही आवाज नाही असं म्हणणारा माणूस दीड-दोन हजार किलोमीटरवरून विटा मागवतो, आणि तरी आपण त्याचं म्हणणं शब्दशः घेतो! त्या भिंतींमध्ये वाजणारा प्रत्येक बँड, त्याला कळो न कळो, अल्बिनीच्या निवडीतून वाजत होता.

गायकाच्या आवाजाबद्दलही तेच. लोकप्रिय संगीताच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, गाणारा पुढे आणि बाकीचे मागे, हा अलिखित नियम. अल्बिनी गळ्याला बँडमधलं आणखी एक वाद्य समजायचा आणि त्याच पातळीवर ठेवायचा. पीजे हार्वेची 'रिड ऑफ मी' मे १९९३मध्ये आली तेव्हा अनेकांनी तक्रार केली की बाईचा आवाज गाडला गेला आहे. पहिलंच गाणं इतकं हळू सुरू होतं की माणूस आवाजाचं बटण वाढवतो, आणि मग बँड अंगावर येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्वेने घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकटीने केलेले कच्चे आराखडे वेगळी रेकॉर्ड म्हणून काढले. त्यांत यातली काही गाणी आहेत. तिथे बँड नाही, म्हणून तुलना काट्याची होत नाही हे मान्य. तरीही दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐका. आराखड्यात हार्वे कानाशी बोलते, अल्बिनीकडे ती खोलीच्या त्या टोकाला उभी राहून ओरडते. गाणं तेच, बाई तीच, पण तिच्यातलं आणि आपल्यातलं अंतर बदललेलं. ते अंतर कुणीतरी ठरवलं. हार्वेला ते पसंत होतं, हा भाग निराळा.

इथे प्रतिपक्षाला जे द्यायला हवं ते देतो. अल्बिनी गाण्यांत हात घालत नसे. कडवी कापा, चाल बदला, रेडिओसाठी एक गाणं लिहा, असलं काही सांगत नसे. बेसूर लागलेला सूर यंत्राने सुरात आणत नसे. बँड एकत्र वाजवायचा, दोन-चार टेक व्हायचे, आणि कोणता ठेवायचा ते बँडने सांगायचं. दुरुस्ती करायचीच झाली तर टेप ब्लेडने कापून चिकटवायची. त्याची स्वतःची मतं जहाल होती. १९९१मध्ये त्याने पिक्सीजबद्दल इतकं तुच्छतेने लिहिलं की पुढे त्याला माफी मागावी लागली. पण ती तुच्छता 'सर्फर रोझा'च्या टेपवर कुठे सापडत नाही. आपली आवड दाराबाहेर ठेवून काम करणं त्याला जमायचं, आणि ते सोपं नाही.

या मुद्द्यांवरून दुसरा एक गट नेमका उलट निष्कर्ष काढतो. अल्बिनीचा ठसा इतका ठळक आहे तर तो ढोंगी होता, म्हणतात. सगळ्यांना एकाच साच्यातून काढायचा आणि वर मी काही केलं नाही म्हणायचा. या आरोपाचं एक उत्तर कानाचं आहे आणि एक तात्त्विक.

कानाचं उत्तर असं की साचा एक असता तर लो या बँडची 'थिंग्ज वुई लॉस्ट इन द फायर' आणि जीझस लिझर्डची 'गोट' एकाच हातून आल्या नसत्या. पहिली इतकी संथ आणि हळुवार की श्वास ऐकू यावा, दुसरी अंगावर धावून येणारी. गायिका नीना नस्टेशियाची कुजबुजती गाणी त्याने मुद्रित केली. २००६च्या 'ईस'मध्ये जोॲना न्यूसमची हार्प आणि गळा त्याने टेपवर घेतला. वाद्यवृंद व्हॅन डाइक पार्क्सने बांधला आणि मिक्स जिम ओरोर्कने केलं. अल्बिनी म्हणजे गोंगाट हे समीकरण बिग ब्लॅक आणि शेलॅक या त्याच्या स्वतःच्या बँडवरून आलं आहे. तिथे तो तांब्याच्या पातळ नखीने, कमरेला पट्टा बांधून लटकवलेल्या गिटारमधून पत्रा कापल्यासारखा आवाज काढायचा. ते त्याचं वादन. ध्वनिमुद्रक अल्बिनीच्या रेकॉर्डमध्ये जे सामाईक आहे ती कर्कशता नाही. वाद्याभोवती जी हवा असते ती त्याने काढून टाकली नाही, हे सामाईक आहे. लो असो की लिझर्ड, ती हवा ऐकू येते.

तात्त्विक उत्तर जास्त महत्त्वाचं, कारण भक्त आणि निंदक दोघेही एकाच ठिकाणी घसरतात. प्रभाव आणि मालकी या दोन गोष्टी ते एकच धरतात. भक्ताला वाटतं, मालकी सोडली म्हणजे प्रभाव नव्हता. निंदक म्हणतो, प्रभाव होता म्हणजे मालकी सोडल्याचा दावा खोटा. पण प्रभाव असूनही मालकी नाकारता येते, आणि तसं करणारी माणसं दुर्मिळ असतात. अल्बिनी त्यांच्यातला होता.

उलटं उदाहरण पाहिलं की हे लख्ख होतं. जॉन लोमॅक्स हा अमेरिकी लोकसंगीताचा नामांकित संग्राहक. खराखुरा नोंद करणारा म्हणून त्याची ख्याती. १९३३मध्ये तो सरकारी ग्रंथालयासाठी मुद्रणयंत्र गाडीत घालून दक्षिणेतले तुरुंग हिंडला आणि लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात त्याला हडी लेडबेटर, म्हणजे लेडबेली, सापडला. गाणी लेडबेलीच्या तोंडची, गळा त्याचा, गिटार त्याची. पण 'गुडनाइट, आयरीन'च्या हक्कपत्रावर लेडबेटरसोबत लोमॅक्सचंही नाव आहे. १९५०मध्ये वीव्हर्स या गटाने ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं, तोवर लेडबेली वारला होता. आवाजात ज्याचा हात कमीत कमी होता, मालकीत त्याचा वाटा होता. अल्बिनीचं बरोबर उलट. आवाजात हात मनगटापर्यंत, मालकीत बोटही नाही. या दोघांना एकाच 'दस्तऐवजकार' खात्यात टाकणारी विचारसरणी कुठेतरी फसली आहे एवढं नक्की.

ठोक मोबदला हा आपोआप सद्गुण ठरत नाही, हेही इथेच सांगतो. बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन याला त्यांच्या सुरुवातीच्या यशातून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने पगाराशिवाय काही दिलं नाही. वैतागून तो १९६५मध्ये बाहेर पडला आणि त्याने एअर ही स्वतःची संस्था काढली. त्या रेकॉर्डमधला त्याचा वाटा पाहता त्याची तक्रार रास्त होती. आपल्या मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर-वादकांनी वर्षानुवर्षं कामाच्या मोजणीवर पैसे घेतले. गाणी अजून वाजतात, पण रॉयल्टी नाही आणि पडद्यावर बहुतेक वेळा नावही नाही. त्यांचा ठोक मोबदला त्यांच्यावर लादलेला होता. अल्बिनीपुढे चार लाखांची शक्यता ठेवलेली असताना त्याने एक लाख निवडले. फरक रकमेत शोधू नये, तो निवड कुणाच्या हाती होती यात आहे. शिवाय हा माणूस पुढची सत्तावीस वर्षं स्वतःच्या स्टुडिओचा खर्च भागवताना कायम ओढाताणीत होता आणि नामवंत नसलेल्या बँडना त्यांना परवडेल त्या दरात काम करून देत होता. जपमाळ घेऊन बसलेला संन्यासी मात्र नव्हता. पोकर झकास खेळायचा आणि २०१८ व २०२२मध्ये त्याने पोकरच्या जागतिक मालिकेतली विजेतेपदाची ब्रेसलेटं जिंकली. जोखीम आणि मोबदला यांचं गणित त्याला कळत नव्हतं, असं कुणी समजू नये.

या मांडणीची खरी कसोटी 'इन युटेरो' आहे, आणि तिथे अल्बिनी पूर्ण उतरत नाही. फेब्रुवारी १९९३मध्ये दोनेक आठवड्यांत रेकॉर्ड तयार झाली. कंपनीला ती आवडली नाही. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की अल्बम छापण्याजोगा नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खुद्द निर्वाणाचा गायक कोबेन यालाही गळा आणि बेस कमी वाटू लागले. बँडने अल्बिनीला पुन्हा मिक्स करायला सांगितलं, तो नाही म्हणाला. मग दोन गाणी नव्याने मिक्स करायला स्कॉट लिट या दुसऱ्या प्रोड्यूसरकडे गेली, आणि बाकीच्या अल्बममध्ये बॉब लडविगने मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीची शेवटची जुळवणी, करताना गळा नि बेस उचलले. या भानगडीत अल्बिनीने सुरुवातीला मूळ टेप द्यायलाच नकार दिला होता. बँडमधल्या क्रिस्ट नोव्होसेलिकचा फोन आला तेव्हा कुठे दिल्या. पत्रात तोच म्हणाला होता की रेकॉर्ड तुमची, ठरवणार तुम्ही. आणि वेळ आली तेव्हा प्लंबर नळ धरून बसला!

मृत्युलेखांनी हा प्रसंग कंपनीविरुद्ध ताठ उभा राहिलेला कलावंत असा रंगवला. मला त्यात वेगळं दिसतं. ज्याचा टेपवर काही ठसा नाही त्याला ती दुसऱ्याच्या हाती जाताना इतकं लागत नाही. ती मिक्स त्याची कलाकृती होती, आणि त्या काही दिवसांत त्याला मालक व्हायचा मोह झाला. शेवटी त्याने टेप दिल्या, कारण मागणारा बँड होता. नाराजी त्याने पुढे अनेक वर्षं बोलून दाखवली, पण हक्क सांगितला नाही. सप्टेंबर १९९३मध्ये बदललेल्या रूपात रेकॉर्ड आली आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याला ठरलेल्यापेक्षा एक डॉलरही जास्त मिळाला नाही.

आरसावाद्यांकडे आता एकच बचाव उरतो. ते म्हणतील, लिट आणि लडविग यांनी बिघडवलं, अल्बिनीच्या मूळ टेपवर होतं ते सत्य. या बचावाची सोय वीस वर्षांनी खुद्द अल्बिनीनेच लावली. २०१३मध्ये 'इन युटेरो'ची विसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली. तिच्यासाठी बँडच्या हयात सदस्यांना सोबत घेऊन त्याने त्याच टेपवरून संपूर्ण अल्बम नव्याने मिक्स केला. टेप त्याच, मायक्रोफोन ठेवणारा हात तोच, तरी गाण्यांचा तोल वेगळा झाला. काही ठिकाणी तर गिटारचे पूर्वी न वापरलेले तुकडेही आले. त्याच संचात त्याने १९९३मध्ये केलेल्या, लिटकडे गेलेल्या दोन गाण्यांच्या मूळ मिक्सही आहेत. घरी बसून कुणालाही त्या शेजारी शेजारी लावून ऐकता येतात.